हिरड्यांचे क्लेम बाहेरच्या बिलिंग सेवेकडे: चौदा महिन्यांचा हिशोब

अमेरिकेतल्या एका छोट्या दंतचिकित्सालयाचे कार्यालय मी सांभाळते. एक डॉक्टर, दात-हिरड्यांची स्वच्छता आणि मोजमाप करणाऱ्या दोन हायजिनिस्ट, एक सहायक आणि मी, असा आमचा पसारा आहे. दीड वर्षापूर्वी हिरड्यांच्या उपचारांचे क्लेम इतके तुंबले, की डॉक्टरांनी विमा-बिलिंगचे काम बाहेरच्या सेवेकडे सोपवायचे ठरवले. या सेवेचे नाव मी इथे घेणार नाही, कारण पुढे तिच्याबद्दल जी तक्रार मांडली आहे तिची दुसरी बाजू वाचकांसमोर नाही. मात्र अशा सेवा पुष्कळ आहेत आणि त्यांची कार्यपद्धती एकमेकींशी बरीच मिळतीजुळती असते, त्यामुळे करार करण्याच्या विचारात असलेल्या मराठी दंतवैद्यांना आणि माझ्यासारखे काम करणाऱ्यांना हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

सेवेची खरी पारख हिरड्यांच्या क्लेममध्येच होते, असे माझे मत आहे. दात किडला, भरला आणि एक्स-रे जोडला, की फिलिंगच्या क्लेमवर सहसा कोणी शंका घेत नाही. हिरड्यांच्या आजाराचे तसे नसते. उपचार झाल्यावर तोंडात दाखवण्याजोगे नवे काही उरत नाही, आणि साधी स्वच्छता व मुळांपर्यंतची खोल स्वच्छता यांतला फरक कागदावरच सिद्ध करावा लागतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या सीडीटी संहितेत, म्हणजे दंतोपचारांच्या कोडच्या यादीत, निरोगी तोंडाच्या प्रौढ रुग्णाच्या साध्या स्वच्छतेसाठी डी१११० हा कोड आहे. मुळांपर्यंतच्या खोल स्वच्छतेसाठी, म्हणजे स्केलिंग अँड रूट प्लेनिंगसाठी, दोन कोड आहेत: क्वाड्रंटमधल्या (तोंडाच्या चार भागांपैकी एकातल्या) चार किंवा अधिक दातांवर उपचार केले तर डी४३४१, आणि एक ते तीन दातांवर केले तर डी४३४२. एका कोडवरून दुसऱ्यावर गेले की रक्कम बदलते, रुग्णाचा वाटा बदलतो, आणि विमा कंपनीच्या दंतसल्लागाराची नजरही बदलते. म्हणूनच या क्लेमबरोबर पॉकेटच्या, म्हणजे दात आणि हिरडी यांमधल्या फटीच्या खोलीच्या, नोंदींचा तक्ता, हाडाची झीज दिसेल असे एक्स-रे आणि बहुधा डॉक्टरांचे लेखी निवेदन मागितले जाते. या निवेदनाला आमच्या धंद्यात सगळे ‘नॅरेटिव्ह’च म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

सुरुवात चांगली झाली. हिपा या रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या अमेरिकन कायद्यानुसार ती माहिती बाहेरच्या संस्थेला देण्याआधी बिझनेस असोसिएट करार करावा लागतो. तो त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःहून पुढे केला, आणि आमच्या संगणकप्रणालीत प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळे लॉगिन मागितले. आधीच्या एका सेवेने सगळ्यांसाठी मिळून एकच पासवर्ड मागितला होता, तेव्हा ही गोष्ट माझ्या नजरेत भरली. दर ठरला वसुलीच्या साडेतीन टक्के, आणि त्यात लाभांची पडताळणी, क्लेम पाठवणे, जोडपत्रे, पाठपुरावा आणि अपील हे सगळे आले.

लाभांची पडताळणी हा या सेवेचा सर्वांत उजवा भाग ठरला. पूर्वी मी विमा कंपनीच्या संकेतस्थळावर ‘पेरिओ (म्हणजे हिरड्यांचे उपचार) ८० टक्के’ एवढे वाचून रुग्णाला अंदाज देत असे आणि नंतर तोंडघशी पडत असे. त्यांचा पडताळणीचा कागद मात्र नेमके प्रश्न विचारून भरलेला असे. रूट प्लेनिंग ‘बेसिक’ गटात आहे की ‘मेजर’ गटात, म्हणजे ८० टक्के मिळणार की ५०? त्याच क्वाड्रंटसाठी पुन्हा पैसे २४ महिन्यांनी मिळतील की ३६? एका दिवशी दोनच क्वाड्रंट मान्य आहेत का? पॉकेटची किमान खोली ४ मिलिमीटर धरली आहे की ५? पॉकेटचा तक्ता किती महिन्यांच्या आतला हवा? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रूट प्लेनिंगनंतरची देखभाल, म्हणजे डी४९१०, वर्षातून किती वेळा मिळते, आणि ती साध्या स्वच्छतेच्या संख्येतच मोजली जाते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर संकेतस्थळावर जवळजवळ कधीच नसते. त्यांची माणसे त्यासाठी विमा कंपनीच्या फोनवर अर्धा-अर्धा तास ताटकळत आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवत. ज्या योजनेची वार्षिक कमाल मर्यादा १,५०० डॉलर आहे, तिथे चार क्वाड्रंट आणि दोन देखभाल भेटींतच ती संपू शकते, हे रुग्णाला खुर्चीत बसण्यापूर्वी सांगता येऊ लागले. केवळ या एका कामासाठी मी ही सेवा पुन्हा घेईन.

जोडपत्रांच्या बाबतीतही तक्रारीला जागा नाही. एक्स-रेवर तारीख आहे का, डावी-उजवी बाजू बरोबर आहे का, तक्त्यावर रुग्णाचे नाव आहे का, हे ते पाहत. पहिल्याच महिन्यात त्यांनी आमचे दोन उलटे लागलेले बाइटविंग (वरचे-खालचे मागचे दात एकत्र दाखवणारे छोटे एक्स-रे) परत पाठवले. पूर्ण जबड्याचा पॅनोरमिक एक्स-रे एकटाच जोडू नका, त्यात दोन दातांमधल्या हाडाची कड नीट दिसत नाही, ही त्यांची सूचना योग्यच होती. उभ्या बाइटविंगमध्ये हाड अधिक खोलवर दिसते, म्हणून हिरड्यांच्या रुग्णांसाठी आम्ही तेव्हापासून तेच घेतो. क्वाड्रंटचे आकडे, म्हणजे वरचा उजवा १०, वरचा डावा २०, खालचा डावा ३० आणि खालचा उजवा ४०, चुकल्यामुळे क्लेम परत येण्याचा प्रकार तर पूर्ण थांबला.

बिनसले ते नॅरेटिव्हवर, आणि ते माझ्या लक्षात आले एका रुग्णामुळे. हे गृहस्थ निवृत्त अभियंते, मराठी, आमच्याकडे पाच वर्षांपासून येतात. विमा कंपनीकडून आलेला प्रत्येक ईओबी, म्हणजे कशाचे किती पैसे दिले याचा खुलासा, ते एका निळ्या फाइलीत तारखेनुसार लावतात. चारही क्वाड्रंटचे रूट प्लेनिंग दोन भेटींत पूर्ण झाल्यावर महिनाभराने ते फाइल घेऊन काउंटरवर आले आणि म्हणाले, “ताई, मला एवढं समजावून सांगा. तीन ओळींना पैसे मिळालेत आणि चौथीला नाही. आणि खाली जे कारण लिहिलंय, त्यात ७ मिलिमीटर कुठून आलं? तुमच्या मुलीने मोजताना ५ च्या वरचा आकडा एकदाही म्हटला नव्हता. मी ऐकत होतो.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. आमची हायजिनिस्ट मोजमाप मोठ्याने उच्चारते आणि सहायक ते संगणकात भरते. प्रत्येक दाताच्या बाहेरच्या बाजूला तीन आणि आतल्या बाजूला तीन, अशा सहा जागी आकडे घेतले जातात. त्यांच्या तक्त्यात सर्वांत मोठा आकडा ५ होता. क्लेमबरोबर गेलेल्या नॅरेटिव्हमध्ये मात्र ‘चारही क्वाड्रंटमध्ये ५ ते ७ मिलिमीटर खोलीची पॉकेट, सर्वत्र रक्तस्राव आणि हाडाची लक्षणीय झीज’ असे छापील वाक्य होते. एकाच लिफाफ्यात तक्ता एक बोलत होता आणि निवेदन दुसरेच.

मग मी नाकारलेला क्वाड्रंट उघडून पाहिला. तो खालचा डावा, म्हणजे १७ ते २४ क्रमांकाच्या दातांचा होता. १७ क्रमांकाची अक्कलदाढ पूर्वीच काढलेली. १८ आणि १९ वर ५ मिलिमीटर, २० आणि २१ वर ४ मिलिमीटर. तक्त्यावरून चार दात भरतात, म्हणून आमच्या उपचारयोजनेत डी४३४१ पडले होते. पण एक्स-रेमध्ये हाडाची झीज १८, १९ आणि २० भोवतीच होती. २१ भोवती हाडाची कड जिथे असायला हवी तिथेच, मुकुट आणि मूळ यांच्या सांध्यापासून दीड-दोन मिलिमीटरवर होती. हाड शाबूत असताना ४ मिलिमीटरचा आकडा सुजलेल्या हिरडीमुळेही येऊ शकतो. डॉक्टरांनी टिपणे पुन्हा पाहिली, तर मुळांचे प्लेनिंग प्रत्यक्षात तीनच दातांवर केल्याची नोंद होती. म्हणजे कोड डी४३४२ हवा होता. ही पहिली चूक आमची, हे मी मान्य करते. परंतु ‘प्रत्येक क्लेम पाठवण्यापूर्वी तक्ता आणि एक्स-रे यांच्याशी ताडून पाहू’ असे करारात लिहिलेल्या सेवेला ती दिसायला हवी होती, आणि दिसणे तर दूरच, तिने त्या चुकीवर ७ मिलिमीटरचा मुलामा चढवला.

त्या गृहस्थांचा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा होता: ‘डिनाइड’ आणि ‘डिसअलाउड’ यांत फरक काय? बहुतेक रुग्ण हा फरक विचारत नाहीत आणि बहुतेक काउंटर तो सांगत नाहीत. ‘डिनाइड’ म्हणजे योजना पैसे देणार नाही, पण दवाखाना ती रक्कम रुग्णाकडे मागू शकतो. ‘डिसअलाउड’ म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधल्या दवाखान्याला ती रक्कम रुग्णाकडूनही घेता येत नाही. त्यांच्या ईओबीवर ‘डिसअलाउड’ होते. त्यांना एक डॉलरही द्यायचा नव्हता. सेवेने मात्र त्यांच्या खात्यावर २६० डॉलर बाकी दाखवून विवरणपत्र पाठवले होते. मी ते त्यांच्यासमोरच रद्द केले आणि क्षमा मागितली.

त्या संध्याकाळी मी रूट प्लेनिंगचे मागचे चौदा क्लेम काढून नॅरेटिव्ह शेजारी-शेजारी लावले. अकरांमध्ये मजकूर अक्षरशः तोच होता. बदललेले असे ते फक्त नाव. विचारल्यावर सेवेकडून उत्तर आले, की हा ‘मान्यता मिळवणारा’ मजकूर आहे आणि शेकडो दवाखान्यांसाठी तो वापरला जातो. मला हे उत्तर भीतिदायक वाटले. क्लेमवर सही, परवाना क्रमांक आणि जबाबदारी डॉक्टरांची असते. कंपनीने उद्या लेखापरीक्षणासाठी नोंदी मागितल्या, तर खुर्चीशेजारी लिहिलेले टिपण आणि पाठवलेले निवेदन यांतली तफावत डॉक्टरांच्या नावावर पडेल, सेवेच्या नाही. पैसे मिळाले म्हणून तफावत पुसली जात नाही. दिलेले पैसे कंपन्या परत मागतात.

नॅरेटिव्ह कसे असावे, याचा नमुना मग डॉक्टरांनीच घालून दिला. त्या गृहस्थांच्या सुधारित क्लेमसोबत गेलेला मजकूर सहा ओळींचा होता: निदान स्टेज २ (आजाराची तीव्रता), ग्रेड सी (वाढीचा वेग) पेरिओडाँटायटिस, म्हणजे हाडापर्यंत गेलेला हिरड्यांचा आजार, तपासणीची तारीख, १८, १९ आणि २० या दातांवरच्या पॉकेटची खोली आणि कोणत्या जागी रक्तस्राव झाला, अमुक तारखेच्या बाइटविंगमध्ये मुळाच्या लांबीच्या सुमारे २० टक्के आडवी झीज, मुळांवर हाताला लागणारे टणक कीटण, आणि रुग्णाला मधुमेह असून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तशर्करा दाखवणारा आकडा) ७.४ आहे. स्टेज आणि ग्रेडची ही पद्धत २०१७ च्या जागतिक कार्यशाळेतून आली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. मधुमेही रुग्णाचे एचबीए१सी ७ किंवा त्याहून अधिक असेल तर ग्रेड सी धरला जातो, त्यामुळे तो एक आकडा निवेदनात बरेच काही सांगून जातो. ‘लक्षणीय’, ‘गंभीर’, ‘सर्वत्र’ यांपैकी एकही विशेषण त्यात नव्हते. हा क्लेम एकोणीस दिवसांत मंजूर झाला.

या प्रसंगानंतर आमच्याकडे मोजमापाची रीतही बदलली, आणि त्याचे थोडे श्रेय सेवेच्या पडताळणी-कागदाला द्यायला हवे. पूर्वी आमच्या तक्त्यात खोलीचे आकडे असत, पण हिरडी खाली सरकल्याची ओळ निम्म्या वेळा कोरी असे. समजा पॉकेट ३ मिलिमीटरचे आहे; वरवर निरोगी. पण हिरडी ३ मिलिमीटर खाली सरकलेली असेल, तर दाताचा आधार प्रत्यक्षात ६ मिलिमीटर सुटलेला असतो, आणि कोरी ओळ ते लपवते. आता हायजिनिस्ट खोली, हिरडीची पातळी, रक्तस्राव, दाढांच्या मुळांच्या फाट्यातली झीज आणि दाताचे हलणे अशा क्रमाने बोलते. प्रत्येक रुग्णामागे सहा-सात मिनिटे जास्त जातात. पहिल्या आठवड्यात सहायक कुरकुरली, आता तीच एखादी ओळ राहिली तर थांबवते.

देखभाल भेटींच्या बाबतीत सेवेला मी मध्यम गुण देईन. रूट प्लेनिंग झालेल्या रुग्णाला आमचे डॉक्टर बहुधा दर तीन महिन्यांनी बोलावतात. योजना वर्षातून दोनच भेटींचे पैसे देत असेल, तर उरलेल्या दोन भेटी रुग्णाच्या खिशातून जातात, आणि तिथे काउंटरवर वाद होतात. सेवेने सुचवले, की एका भेटीला डी४९१० आणि पुढच्या भेटीला डी१११० असे आलटून-पालटून पाठवा, म्हणजे दोन्हींचे पैसे सुटतील. आम्ही नकार दिला. त्या दिवशी जो उपचार झाला तोच कोड जायला हवा. योजनेच्या सोयीने उपचाराचे नाव बदलता येत नाही. याउलट, दुसरीकडे रूट प्लेनिंग करून आलेल्या रुग्णाच्या पहिल्या डी४९१० सोबत मूळ उपचाराच्या तारखा जोडायला त्यांनी आम्हाला शिकवले, आणि त्यामुळे ‘पूर्वीच्या उपचाराची नोंद नाही’ या शेऱ्याचे नकार बंद झाले. एकाच माणसाने हे दोन्ही सल्ले दिले होते, याची गंमत वाटते.

डी४३५५ आणि डी४३४६ या कोडबद्दलची त्यांची समज कच्ची आहे. कीटण इतके साचलेले असते की हिरड्यांची तपासणीच करता येत नाही, तेव्हा पुढच्या भेटीतल्या संपूर्ण तपासणीसाठी वाट मोकळी करायला डी४३५५ असतो. हिरड्या सर्वत्र सुजल्या आहेत पण हाड शाबूत आहे, अशा रुग्णासाठी २०१७ पासून डी४३४६ आला. सेवेचे लोक दोन्हींना ‘मधला कोड’ म्हणत आणि कोणताही चालेल असे सांगत. चालत नाही.

अपिलांचे काम मात्र त्यांनी नेटाने केले. नकार आला की आठवड्याच्या आत पत्र, पुन्हा जोडपत्रे, आणि गरज पडली तर आमच्या डॉक्टरांचे कंपनीच्या दंतसल्लागाराशी थेट बोलणे ठरवून देणे, हे मला एकटीला कधीच जमले नसते. चौदा महिन्यांत नऊ अपिले केली, सहा मंजूर झाली. जी तीन फेटाळली गेली, त्यांतल्या दोनांत आमचे एक्स-रे खरोखरच धूसर होते. पूर्वमंजुरीबद्दल मात्र त्यांचा एक गैरसमज मला दोनदा दुरुस्त करावा लागला. प्रीडिटरमिनेशन म्हणजे पैशांची हमी नव्हे. उत्तर येईपर्यंत आणि उपचार होईपर्यंत रुग्णाची वार्षिक मर्यादा दुसरीकडे संपलेली असू शकते, किंवा नोकरी सुटून विमाच बंद झालेला असू शकतो. रुग्णाच्या हाती तो कागद देताना हे वाक्य बोललेच पाहिजे. त्यांच्या छापील पत्रात ते तळाला, बारीक अक्षरांत होते.

ज्या दवाखान्यात नोंदी आधीपासून काटेकोर आहेत आणि फोनवर ताटकळायला माणूस नाही, त्यांना अशी सेवा निश्चित फायद्याची आहे. ज्यांच्या तक्त्यांत कोऱ्या ओळी आहेत, त्यांनी आधी त्या भराव्यात, कारण बाहेरचा माणूस कोरी ओळ एक तर तशीच पुढे पाठवतो, नाही तर स्वतःच्या मनाने भरतो, आणि दुसरा प्रकार पहिल्याहून महाग पडतो.

करार संपला तेव्हा आम्ही तो मोडला नाही, बदलून घेतला. पडताळणी, जोडपत्रे आणि अपील ही कामे त्यांच्याकडे ठेवली. नॅरेटिव्ह डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय आणि मी तक्त्याशी ताडून पाहिल्याशिवाय हिरड्यांचा कोणताही क्लेम जाणार नाही, असे नवे कलम घातले, आणि रुग्णांना जाणारी विवरणपत्रे आमच्याकडे परत घेतली. दर साडेतीन टक्क्यांवरून पावणेतीनवर आला. निळ्या फाइलीचे गृहस्थ गेल्या महिन्यात देखभाल भेटीसाठी आले होते. या खेपेला हायजिनिस्ट आकडे बोलत असताना ते स्वतःच्या वहीत लिहून घेत होते, आणि जाताना त्यांनी तक्त्याची छापील प्रत मागून घेतली.